बोर्ड स्वस्त आहे, पण आत डोकावता येतं का?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्यायला आलेल्या मुलांचा दुकानदाराला एकच प्रश्न असतो, "यातला चांगला कोणता?" मग बोर्डाचा वेग विचारला जातो, वायफाय आहे का हे विचारलं जातं, आणि दोन-चारशे रुपयांत बोर्ड खिशात जातो. त्यावर प्रोग्राम कशात लिहायचा, तो बोर्डात कसा घालायचा आणि अडला तर काय करायचं, हे प्रश्न घरी गेल्यावर पडतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी साधनं बघावीत, मग बोर्ड.

हे मला मामांच्या पंपघरात कळलं. शेतीपंपाची वीज ठरावीक तास येते, तीही काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. वीज आली की तिन्ही फेज तपासायचे, टाकीची पातळी बघायची, पंप चालू करायचा आणि मामांना एसएमएस पाठवायचा, एवढं काम करणारं यंत्र मी आर्डुइनो नॅनोच्या धर्तीच्या एका स्वस्त बोर्डावर बनवलं. घरी टेबलावर ते छान चाललं. शेतावर पाचव्या दिवशी ठप्प. लाल दिवा चालू, बाकी सगळं गार. वीज काढून परत दिली की पुन्हा चार-पाच दिवस सुरळीत. आत नेमकं काय होतंय हे बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडायचे पिन. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये प्रोग्राम ठेवायला ३२ केबी फ्लॅश असते आणि चालताना लागणारी रॅम फक्त २ केबी. एवढ्या जागेत कंपाइलर, म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, मावणं शक्य नाही. म्हणून प्रोग्राम लॅपटॉपवर लिहायचा, तिथेच चिपच्या भाषेत उतरवायचा आणि तयार झालेलं केबलने चिपमध्ये घालायचं. लिहिणं एकीकडे आणि चालणं दुसरीकडे, या अंतरामुळेच साधनांचा प्रश्न एवढा मोठा होतो.

लग्नात आपण केटररचं एकच नाव सांगतो, पण आत आचारी वेगळा, वाढपी वेगळे, भांड्यांवरची माणसं वेगळी. आर्डुइनो आयडीई, एसटीएम३२ क्यूब आयडीई, प्लॅटफॉर्म-आयओ ही अशीच केटररची नावं आहेत. आत एक एडिटर असतो, त्यात आपण लिहितो. मग कंपाइलर. त्यानंतर पिन चालू-बंद करणं, सेन्सर वाचणं यासाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली लायब्ररी. पुढे चिपमध्ये प्रोग्राम घालणारा अपलोडर, आणि शेवटी चालत्या प्रोग्रामच्या आत बघू देणारा डिबगर. हा शेवटचा गडी बऱ्याचदा गैरहजर असतो आणि आपल्याला ते बिघाड झाल्यावरच समजतं.

यातला कंपाइलर निवडायची चिंता जवळजवळ सोडून द्यावी. आर्डुइनोची वेगळी अशी भाषा नाही, ती सी प्लस प्लस आहे, आणि तिच्यामागे मोफत, मुक्त असा जीसीसी कंपाइलर आहे. नॅनोवरची एव्हीआर, एआरएम, वायफायवाली ईएसपी३२ किंवा रिस्क-फाइव्ह, यांपैकी कोणत्याही घराण्यातल्या चिपसाठी त्याची त्या त्या बोलीतली आवृत्ती मिळते. आपल्या कॉलेजांत ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर शिकवताना केल नावाचं साधन वापरतात. त्याच्या मोफत चाचणी आवृत्तीत ८०५१ साठी २ केबीपर्यंतच प्रोग्राम करता येतो. प्रॅक्टिकलला ते पुरतं, खऱ्या उपकरणाला पुरत नाही. ८०५१ वरच काम करायचं असेल तर एसडीसीसी हा मोफत कंपाइलर आहे आणि त्याला अशी मर्यादा नाही. पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने परीक्षेपलीकडे ८०५१ धरून बसावं असं मला वाटत नाही.

आत डोकावायच्या तीन खिडक्या

पहिली खिडकी सगळ्यांना माहीत असते. प्रोग्राममध्ये जागोजागी 'इथपर्यंत आलो', 'पातळी इतकी' असं छापायला सांगायचं आणि केबलमधून आलेला मजकूर लॅपटॉपवर वाचायचा. यालाच सिरियल प्रिंट म्हणतात. पैसे लागत नाहीत आणि बहुतेक चुका यातच सापडतात. पण लहान चिपवर ही खिडकी स्वतःच जागा खाते. सिरियलचा वेग ९६०० ठेवला तर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे एका अक्षराला एक मिलिसेकंद. आर्डुइनोची लायब्ररी नॅनोवर ६४ अक्षरांपर्यंत रांग लावून ठेवते. रांग भरली की प्रोग्राम तिथेच थांबतो. वेळेच्या हिशोबातली चूक शोधायला छापण्याच्या ओळी घातल्या की वेळच बदलते आणि चूक कधी कधी गायब होते. शिवाय या चिपवर अवतरणातलं प्रत्येक वाक्य डीफॉल्टने रॅममध्येही येऊन बसतं. त्याला एफ मॅक्रोत, म्हणजे F() या खुणेत, गुंडाळलं तरच ते फ्लॅशमध्ये राहतं. म्हणजे रॅम का संपते हे शोधायला जे छापायचं, तेच रॅम संपवायला हातभार लावतं.

दुसरी खिडकी म्हणजे प्रोग्राम कोसळताना मागे ठेवलेली चिठ्ठी. ईएसपी३२ ही यात दिलदार आहे. काही भयंकर चुकलं की ती 'गुरू मेडिटेशन एरर' असा संदेश आणि त्याखाली आकड्यांची रांग छापते. नवखा माणूस ते आकडे बघून घाबरतो आणि स्क्रीन पुसून टाकतो. पण कोणत्या फंक्शनमधून कोणतं फंक्शन बोलावलं गेलं, याचा तो माग असतो. ईएसपी-आयडीएफ या चिपच्या कंपनीच्याच साधनसंचातला, सिरियलचा मजकूर दाखवणारा 'मॉनिटर' हे आकडे आपोआप फाइलच्या नावात आणि ओळीच्या क्रमांकात बदलून दाखवतो. प्लॅटफॉर्म-आयओत त्यासाठी मॉनिटरला एक फिल्टर लावावा लागतो, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एका ओळीचं काम. ही एक ओळ माहीत नसल्याने आठवडे वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

तिसरी खिडकी म्हणजे खरा डिबगर. चिप चालू असताना तिला हव्या त्या ओळीवर थांबवायचं, त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते बघायचं, हवं तर बदलायचं आणि पुढे चालू द्यायचं. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम चिपमध्ये यासाठी एसडब्ल्यूडी नावाची सोय असते. लागतात फक्त दोन तारा आणि ग्राउंड. मधे एक छोटं उपकरण हवं, त्याला प्रोब म्हणतात. लॅपटॉपवर ओपन-ओसीडी त्या प्रोबशी बोलतो आणि जीडीबी आपल्याशी. दोन्ही मोफत. त्यांच्या आज्ञा रोज टाइप करायची गरज नसते, व्हीएस कोड या एडिटरमध्ये बटणांच्या मागे त्या लपलेल्या असतात.

याचा फायदा एका उदाहरणाने सांगतो. आर्डुइनोत बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा आकडा ३२ बिटांचा असतो. साधारण ४९.७ दिवसांनी तो भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. वेळेची तुलना चुकीच्या पद्धतीने लिहिली असेल तर यंत्र बरोबर पन्नासाव्या दिवशी गोंधळ घालणार. सिरियल प्रिंटने ही चूक पकडायची तर पन्नास दिवस वाट बघा. डिबगर असेल तर तोच आकडा हाताने शेवटाजवळ नेऊन ठेवायचा आणि मिनिटभरात काय होतं ते पाहायचं.

बोर्ड या मापाने मोजले तर

आर्डुइनोचे नॅनो आणि उनो हे बोर्ड शिकायला उत्तम आहेत, लायब्ररींचा साठा अफाट आहे आणि नवख्याला मदत करणारी माणसंही सगळ्यात जास्त. पण तिसरी खिडकी इथे जवळपास बंद आहे. एटीमेगा३२८पीमध्ये रीसेटच्या पिनवरून डिबग करायची सोय आहे खरी, पण त्यासाठी वेगळं उपकरण घ्यावं लागतं आणि बोर्डावरचा रीसेटचा कपॅसिटर आधी तोडावा लागतो. दोनशे रुपयांच्या बोर्डासाठी एवढा खटाटोप सहसा कुणी करत नाही. प्रयोग करायचा, दिवा लुकलुकवायचा, सर्वो (ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटार) फिरवायचा, तर नॅनो घ्या. वर्षभर न बघता चालावं असं काही बनवायचं असेल तर मी आता नॅनो घेणार नाही.

रास्पबेरी पाय पिको जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला बाजारात आला आणि माझ्या दृष्टीने स्वस्त बोर्डांचं गणितच बदललं. त्यावरच्या आरपी२०४० चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-एम० प्लस गाभे आहेत आणि २६४ केबी रॅम, म्हणजे नॅनोच्या सव्वाशेपटीहून जास्त. बटण दाबून धरत केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. फाइल त्यात ओढून टाकली की प्रोग्राम आत. म्हणजे अपलोडरची कटकटच संपली. पण मला खरी आवडते ती दुसरी गोष्ट: एका पिकोत मोफत मिळणारा प्रोग्राम घातला की तो दुसऱ्या पिकोसाठी प्रोब बनतो. म्हणजे दोन पिको घेतले की आत डोकावायची पूर्ण सोय झाली. म्हणून पिको घेणाऱ्याला मी आवर्जून सांगतो, एक नको, दोन घे.

पिकोवर मायक्रोपायथनही चालतं. ज्याने सी कधी लिहिलेलं नाही, त्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. थॉनी हा साधा एडिटर उघडायचा आणि खालच्या चौकटीत एक ओळ लिहून एंटर दाबायचं, बोर्ड लगेच उत्तर देतो. कंपाइल नाही, अपलोड नाही. सेन्सरचा आकडा विचित्र येतोय? तिथल्या तिथे विचारायचं. ही एका परीने चौथी खिडकीच आहे. याची किंमत म्हणजे वेग कमी होतो, आणि मेमरीची साफसफाई करताना प्रोग्राम अधूनमधून क्षणभर थबकतो. टाकीतलं पाणी मोजायला त्याने काही बिघडत नाही. मोटारीचा वेग सेकंदाला हजारो वेळा सावरायचा असेल, तर सी घ्यावं.

ईएसपी३२ घेताना मात्र थोडं थांबून बघावं, कारण या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या चिप विकल्या जातात. २०१६ मध्ये आलेल्या मूळ ईएसपी३२ ला डिबग करायला वेगळा जेटॅग (एसडब्ल्यूडीसारखीच डिबगची जोडणी) प्रोब लागतो. त्यानंतरच्या सी३ आणि एस३ या चिपमध्ये ती सोय आतच बसवलेली आहे. प्रोग्राम ज्या यूएसबी केबलने घालतो तिच्यातूनच डिबगही करता येतं. फक्त बोर्डावरचा यूएसबीचा सॉकेट थेट चिपला जोडलेला असावा, दोघांमध्ये दुभाष्याचं काम करणाऱ्या यूएसबी-सिरियल चिपला नाही. दुकानात विचारायचा प्रश्न हा आहे. वेग आणि रॅमच्या आकड्यांपेक्षा या एका उत्तरावर पुढची वर्षं अवलंबून असतात.

ईएसपी३२ साठी दोन रस्ते आहेत. आर्डुइनोचा रस्ता सोपा, आणि तो खरं तर कंपनीच्याच ईएसपी-आयडीएफवर उभा आहे. दुसरा रस्ता थेट ईएसपी-आयडीएफचा. सुरुवातीला तो अवघड वाटतो, पण एकाच वेळी वायफाय सांभाळणं, सेन्सर वाचणं आणि वीज वाचवणं अशी तीन कामं आली की त्याची शिस्त उपयोगी पडते. आर्डुइनोच्या रस्त्यावर एक खड्डा आहे, तो माहीत असावा. २०२४ मध्ये ईएसपी३२ साठीच्या आर्डुइनो कोअरची, म्हणजे आर्डुइनोची फंक्शनं त्या चिपवर चालवणाऱ्या मूळ संचाची, तिसरी मोठी आवृत्ती आली आणि तिच्यात दिव्याची प्रखरता ठरवणाऱ्या पीडब्ल्यूएमची फंक्शनं बदलली. जुन्या व्हिडिओत बघून लिहिलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीत कंपाइलच होत नाही. मुलाला वाटतं आपलंच चुकलं, आणि तो बिचारा रात्रभर अर्धविराम तपासत बसतो.

यासाठीच मी प्लॅटफॉर्म-आयओ वापरतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलमध्ये बोर्ड कोणता, कोअरची आवृत्ती कोणती, लायब्ररी कोणत्या आणि त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, हे लिहून ठेवता येतं. दोन वर्षांनी दुसऱ्या लॅपटॉपवर तेच फोल्डर उघडलं तरी तेच सामान उतरतं. आर्डुइनो आयडीईत लायब्ररी सगळ्या प्रोजेक्टना मिळून एकाच ठिकाणी असतात. एकीकडे अपडेट केलं की दुसरीकडचं मोडू शकतं. ज्याचे एकापेक्षा जास्त प्रोजेक्ट चालू आहेत, त्याने हा बदल करून बघावाच.

एसटीएम३२ या एआरएम चिपचा 'ब्लू पिल' नावाने ओळखला जाणारा निळा बोर्ड अजूनही भरपूर विकला जातो. ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, आणि स्वस्तातला एसटी-लिंक प्रोब लावला की डिबगरची खिडकी सताड उघडी. उद्योगात जायचं असेल तर हे शिकून ठेवण्यासारखं आहे. अडचण अशी, की या बोर्डांवर कित्येकदा दुसऱ्याच कुणाच्या चिप असतात. मग क्यूब आयडीई ही चिप अस्सल नाही म्हणून जोडणीच नाकारतं आणि ओपन-ओसीडीत ओळखक्रमांक बदलून वाट काढावी लागते. क्यूबमध्ये पिन आणि चिपच्या आतल्या घड्याळाची (क्लॉकची) मांडणी चित्रावर करता येते आणि कोड आपोआप तयार होतो, हे सुख मोठं आहे. पण 'यूझर कोड बिगिन' आणि 'यूझर कोड एंड' या खुणांच्या बाहेर तुम्ही काही लिहिलंत, तर मांडणी बदलून पुन्हा कोड तयार करताना ते पुसलं जातं. पहिल्याच दिवशी हे कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवावं.

सीएच३२व्ही००३ बद्दल हल्ली पुष्कळ ऐकू येतं. घाऊक घेतली तर साधारण १० अमेरिकन सेंटांची चिप, रिस्क-फाइव्ह गाभा, १६ केबी फ्लॅश, २ केबी रॅम. एका तारेवरून डिबगही होतं, पण त्यासाठी त्याच कंपनीचा प्रोब घेणं सोयीचं पडतं, आणि तयार लायब्ररी आर्डुइनोच्या मानाने तुरळक आहेत. हजारो नग बनवणाऱ्याला इथे पैसे वाचतात. एकच यंत्र बनवणाऱ्याचे पाऊणशे रुपये वाचतील आणि तीन रविवार जातील.

घरच्या लॅपटॉपवर

प्रोग्रामच्या आधीच अडवणाऱ्या काही गोष्टी आहेत. पहिली, केबल. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही. दुसरी, ड्रायव्हर. स्वस्त नॅनोवर बहुधा सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असते आणि विंडोजवर तिचा ड्रायव्हर कधी कधी वेगळा टाकावा लागतो. लिनक्सवर ड्रायव्हर असतो, पण आपलं खातं 'डायलआउट' गटात घालावं लागतं. तिसरी, बूटलोडर, म्हणजे केबलने आलेला प्रोग्राम उतरवून घेणारा, चिपमध्ये आधीच भरलेला छोटा प्रोग्राम. अपलोड करताना 'नॉट इन सिंक' असा संदेश येत असेल तर आयडीईत प्रोसेसरच्या यादीतून 'ओल्ड बूटलोडर' निवडून बघा. त्या जुन्या बूटलोडरचा आणखी एक दोष म्हणजे अडकलेल्या प्रोग्रामला आपोआप रीसेट करणारा वॉचडॉग लावला, की बोर्ड रीसेटच्या फेऱ्यात कायमचा अडकू शकतो.

क्यूब आयडीई किंवा ईएसपी-आयडीएफ टाकायचं तर काही जीबी जागा आणि तेवढाच डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे रडतखडत होतं. कॉलेजच्या वायफायवर एकदाच उतरवून घ्यावं. विंडोजसाठी ईएसपी-आयडीएफचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो पेनड्राइव्हवरून मित्रांनाही देता येतो. लॅपटॉप जुना असेल तर आर्डुइनो आयडीईची १.८ मालिका अजून चालते आणि दुसऱ्या आवृत्तीपेक्षा हलकी आहे. आणि बोर्ड हातात यायच्या आधीच सराव करायचा असेल तर वोक्वी हे सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतं. त्यात उनो, ईएसपी३२ आणि पिको तिन्ही आहेत.

मामांच्या यंत्राकडे परत येतो. शेवटी मी एक रात्र लॅपटॉप घेऊन पंपघरात बसलो. प्रोग्राममध्ये मोकळी रॅम मोजणारी चार ओळींची फंक्शन घातली आणि दर एसएमएसनंतर तो आकडा छापायला लावला. चूक लवकर दिसावी म्हणून दिवसाला दोन-तीन जाणारे एसएमएस मिनिटाला एक असे सोडले, मोबाइलऐवजी नुसते सिरियलवर. सुरुवातीला सातशे बाइटच्या आसपास मोकळे होते. तासाभरात तो आकडा पायरी-पायरीने खाली गेला, आणि शंभरच्या खाली गेल्यावर यंत्र तसंच ठप्प झालं, जसं शेतावर होत होतं.

दोष माझ्या लिहिण्यात होता. एसएमएसचा मजकूर मी स्ट्रिंगला (हवी तशी वाढणाऱ्या मजकुराच्या तुकड्याला) स्ट्रिंग जोडत बनवत होतो, आणि प्रत्येक जोडणीगणिक रॅममध्ये लहान-मोठी भोकं पडत होती. भोकं होती, पण नवा मजकूर मावेल एवढं सलग एकही नव्हतं. कंपाइल करताना आयडीई किती रॅम वापरली ते सांगतं, पण तो हिशोब फक्त आधीपासून ठरलेल्या व्हेरिएबलचा असतो. चालताना लागणारी जागा त्यात धरलेली नसते. मी तो आकडा बघून निर्धास्त राहिलो होतो. स्ट्रिंग काढून १६० अक्षरांची एकच ठरावीक जागा राखून ठेवली आणि सगळा मजकूर तिच्यातच लिहायला लावला. त्यानंतर यंत्र थांबलेलं नाही.

यंदा विहिरीवरच्या दुसऱ्या पंपासाठी मामांना तसंच यंत्र हवं होतं. या वेळी दोन पिको घेतले. एक डब्यात बसला, आणि दुसरा तीन तारांसकट पंपघरातल्या खिळ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगून ठेवला आहे.